मुंज्याच्या हट्टाला हसायचं कशाला?

'मुंज्या' हा हिंदी सिनेमा जून २०२४ मध्ये लागला, शंभर कोटींच्या वर धंदा करून गेला आणि आता सुट्टीच्या दिवशी घराघरांत टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर चालू असतो. पोरं पोट धरून हसतात. आया हसतात, आज्याही हसतात. मला त्या हसण्याबद्दलच बोलायचं आहे. भुताचा सिनेमा बघून कुणी घाबरलं नाही तर फारसं बिघडत नाही. पण जिथं अंगावर काटा यायला हवा तिथंच हसू येत असेल, तर सिनेमात काहीतरी मुळातच चुकलंय. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या गोष्टीतला राक्षस कोणता, हे या सिनेमाला कळलेलंच नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. १९५२ साल, कोकणातलं गाव. गोट्या नावाच्या ब्राह्मणाच्या पोराचं मुन्नी नावाच्या मुलीवर मन बसतं. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं लग्न दुसरीकडे होतं. याची मुंज लावली जाते. पण मुन्नी मिळायलाच हवी, म्हणून हा पोरगा आपल्या धाकट्या बहिणीला, गीताला, रात्री जंगलात झाडाखाली नेतो आणि तिचा बळी द्यायला निघतो. त्या झटापटीत तो स्वतःच मरतो. मुंजीला दहा दिवसही झालेले नसतात, म्हणून त्याचा मुंज्या होतो. पुढं आजच्या पुण्यात गीताचा नातू बिट्टू राहतो, त्याच्या मानगुटीवर हा मुंज्या बसतो आणि 'माझं लग्न मुन्नीशी लाव' असा धोशा लावतो. मुन्नी आता म्हातारी झालेली. मग त्याची नजर तिच्या नातीवर, बेलावर जाते. आजी नाही तर नात!

आता जरा थांबा आणि ही गोष्ट भूतबीत काढून पुन्हा ऐका. एक मुलगा, त्याला एक मुलगी हवी आहे. तिला तो नको आहे, किंबहुना तिला काय हवं हे कुणी विचारलेलंच नाही. तिच्यासाठी तो सख्ख्या बहिणीच्या जिवावर उठतो. सत्तर वर्षं झाली तरी त्याची हाव जात नाही, आणि ती मिळत नाही म्हटल्यावर तिच्या रक्ताची दुसरी कुणीही चालते. यात हसण्यासारखं काय आहे? हे तर आपण रोज पेपरात वाचतो. 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द मथळ्यात दिसले की खालची बातमी वाचायच्या आधीच आपल्या पोटात गोळा येतो. तोच गोळा इथं कॉम्प्युटरवर तयार केलेल्या, दात विचकणाऱ्या, बडबड्या पोराच्या अंगात घालून आपल्याला खेळण्यासारखा दाखवलाय.

त्या भुताच्या कारागिरीचं कौतुक पुष्कळ झालं. असेल ती चांगली. पण भीती कारागिरीतून येत नसते. हा मुंज्या इतका वेळ समोर असतो, इतका बोलतो, इतके चाळे करतो, की थोड्या वेळात तो घरातला वांड पोरगाच वाटायला लागतो. आणि घरातल्या वांड पोराला आपण काय म्हणतो? 'हट्टी आहे हो जरा.' सिनेमा मुंज्याला नेमकं हेच म्हणतो. बहिणीवर शस्त्र उगारणं हा हट्ट, बाईच्या मागं लागणं हाही हट्ट. मुलाच्या हट्टाला हसायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सिनेमातल्या तीन बायका घ्या, त्या तिघींचं काय केलंय ते बघा.

पहिली गीता. माझ्या मते खरी गोष्ट हिची होती. ज्या मुलीनं भावाच्या हातात आपल्यासाठी शस्त्र पाहिलं, ती पुढं कशी जगली असेल? कुणाला काही सांगितलं असेल का? भाऊबीजेला तिच्या मनात काय येत असेल? सुहास जोशींसारखी अभिनेत्री त्या भूमिकेत आहे. नुसत्या डोळ्यांनी त्यांनी सगळा सिनेमा पेलला असता. पण नातवाला वाचवायला म्हणून त्या जातात आणि मुंज्याच्याच हातून मरतात. लहानपणी जी भावाच्या तावडीतून सुटली, तिला म्हातारपणी त्याच्याच हातून मारायचं, आणि पुढच्या काही मिनिटांत पुन्हा विनोद सुरू. इतका मोठा घास तोंडाशी आणून न चावताच थुंकून टाकलाय.

दुसरी मुन्नी. सगळी गोष्ट तिच्या नावानं चालते, पण तिला स्वतःला बोलायला किती मिळतं? लहानपणी ती पोराच्या वेडाचं कारण, म्हातारपणी ती विनोदाचं कारण. सत्तर वर्षं आपल्या नावानं एक भूत झाडावर ओरडतंय हे कळल्यावर त्या बाईला काय वाटलं असेल, हे सिनेमाला सुचतच नाही.

तिसरी बेला. तिचा पाठलाग होतोय आणि पाठलाग करणारा तिला दिसत नाही. तो दिसतो बिट्टूला. एखाद्या बाईनं हा सिनेमा काढला असता तर ती इथंच थांबली असती, कारण हे बाईच्या ओळखीचं भय आहे. बसस्टॉपवर, शिकवणीच्या गल्लीत, आता मोबाईलमध्ये, कुणाची तरी नजर आपल्यावर आहे आणि ती कुणाची ते कळत नाही. पण सिनेमा बेलाच्या बाजूनं क्षणभरही बघत नाही. तो बिट्टूच्या तारांबळीत रमतो. बिट्टूचंही बेलावर मन आहे, आणि ते त्याला तिच्यापुढं बोलून दाखवता येत नाही. म्हणजे एक ओरडून मागणारा आणि एक मुका राहून मागणारा, आणि मध्ये ती. दोघांत फरक आहे, मान्य. पण तो फरक कशात आहे, हे सांगायचं कामच सिनेमानं केलेलं नाही.

हे काही आजचं नाही. हिंदीतले राक्षस पहिल्यापासून बायकांवरच जगत आले आहेत. १९७९ च्या 'जानी दुश्मन'मधला राक्षस लाल शालूतल्या नव्या नवऱ्यांना उचलून न्यायचा. १९८४ च्या रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी मरताना शाप देतो तो राजाला, पण मरतात त्या घरातल्या बायका, बाळंतपणात. शाप पुरुषाचा पुरुषाला आणि फेडायचा बाईनं! ते सिनेमे भडक होते, पण निदान राक्षसाला राक्षस म्हणायचे. आता राक्षसाला लाडाचं नाव मिळालंय, एवढाच काय तो फरक.

आणि यांना जमतच नाही असंही नाही. याच निर्मितीसंस्थेचा 'स्त्री' २०१८ मध्ये आला. आपल्या कर्नाटकात 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये' असं दारावर लिहायची जी जुनी गोष्ट, तीच त्यात चंदेरीच्या भिंतींवर आहे. त्यातलं भूत पुरुषांना नेतं, पण आधी हाक मारतं, विचारतं, होकार आला तरच नेतं. पुरुषांनी रात्री एकटं बाहेर पडू नये, असं गावाला सांगावं लागतं. तिथंही लोक हसले. पण ते हसू कुणावर होतं? स्वतःवर. 'मुंज्या'तलं हसू कुणावर आहे, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

मूळचा मुंजा असा नव्हता. पिंपळावर राहणारा, मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा, अशी ती समजूत. मराठवाड्यात, विदर्भात त्याची ठाणी आहेत, लोक तिथं नारळ फोडतात. तो खोड्या काढतो, वाटेनं जाणाऱ्याला चकवतो. या समजुतीमागं काय आहे ते कुठल्याही आईला कळेल. घरोघरी पोरं दगावत होती तेव्हा मांडीवरून उठून गेलेल्या पोराला कुठंतरी जागा द्यावी, म्हणून पिंपळ दिला. आपल्या पंचकल्याणकातही मुलांचं मौंजीबंधन होतं. डोक्याचा गोटा केलेली ती पोरं रांगेनं बसलेली बघताना त्यांच्या आयांचे चेहरे पाहिलेत ना? त्या मायेतून आलेलं भूत उचलून त्याला बाईच्या मागं लावायचं, ही लोककथेची सेवा नव्हे. बाईच्या वाट्याला तर भूत होतानाही लग्न आणि बाळंतपणच येतं, बाळंतपणात गेली ती अळवंतीण. निदान मुंजा तरी लग्नाच्या भानगडीबाहेरचा होता. यांनी त्यालाही बोहल्यावर चढवायचं ठरवलं.

आता आपल्याकडच्या मोजमापाबद्दल. जैन माणूस भूतपिशाच नाहीच असं म्हणत नाही. व्यंतर देवांच्या आठ प्रकारांत राक्षसही आहेत, भूत आणि पिशाचही आहेत. पण वाईट कशाला म्हणायचं, हे आपल्याला तोंडावरून नाही, भावावरून ठरवायला शिकवलंय. यशोधराची कथा तुम्ही बस्तीत ऐकली असेल. जन्नानं १२०९ मध्ये ती कन्नडमध्ये सांगितली, त्याच्या आधी सोमदेवांनी आणि पुष्पदंतांनी सांगितली, आपल्या काळात गिरीश कार्नाडांनी तिचं नाटक केलं. राजा खरा कोंबडा मारायला तयार नसतो. आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून कापतो. पिठाचाच! रक्ताचा थेंब नाही. तरी मायलेकांना किती जन्म जनावरांच्या योनीत काढावे लागले. का, तर हात पिठावर चालला पण मनात मारणं होतं.

आणि त्या कथेचा शेवट आठवा. शेवटी ते दोघं भाऊबहीण होऊन जन्माला येतात, अभयरुची आणि अभयमती. चंडमारीपुढं बळी द्यायला मारिदत्त राजा त्यांना आणवतो. ती दोघं भीत नाहीत, आपल्या जन्मांची कथा सांगतात, आणि राजाची तलवार खाली येते. त्या कथेतल्या राणीबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, ते पुन्हा कधी. पण बळीच्या जागेवर उभ्या असलेल्या पोरीला तिथं आवाज आहे, आणि तिच्या बोलण्यानं मारणारा बदलतो. आठशे वर्षांपूर्वीच्या आणि त्याहूनही जुन्या कवींना जे सुचलं, ते शंभर कोटी कमावणाऱ्यांना सुचू नये? पिठाच्या कोंबड्याचा हिशेब ठेवणारी आपण माणसं, आणि बहिणीवर उगारलेला हात 'पोरगा होता, वेडा होता' म्हणून हसण्यावारी नेतो!

मला ठाऊक आहे काय म्हणाल. 'काय अक्का, पिक्चरच तर आहे!' मग सासू-सुनेच्या मालिकांवर आपण इतकं का बोलतो? आणि दुसरं म्हणाल, की मराठी माणसानं केलाय, आदित्य सरपोतदारांचा आहे, कोकण दिसतं, मराठी शब्द कानावर पडतात, मग आपणच नावं का ठेवायची? हे बेळगाव-निपाणीकडं आणि इंदूर-बडोद्याकडंही मी फार ऐकते. महाराष्ट्राबाहेर राहिल्यामुळं हिंदी सिनेमात एक 'अगं बाई' ऐकू आलं तरी आपल्याला भरून येतं. येऊ दे. सिनेमातलं कोकण खरंच देखणं आहे, सुरुवातीचा भाग चांगला जमलाय, सगळी मंडळी मन लावून कामं करतात. पण आपलं आहे म्हणूनच जास्त मागायचं. परक्याच्या घरातली धूळ कोण पुसायला जातं?

आणि धूळ सिनेमातच आहे असंही नाही. ताटातला शेवटचा लाडू कुणाला जातो? भावानं बहिणीचे केस ओढले तर 'तूच काहीतरी बोलली असशील' कुणाला ऐकावं लागतं? स्थळ बघायला आलेल्यांना मुलगी पसंत पडली की नाही हे आपण दहादा विचारतो, मुलीला तो पसंत आहे का हे कितीदा विचारतो? मुंज्या पिंपळावर मागाहून जातो. तयार होतो तो आपल्या स्वयंपाकघरात, 'नाही' हा शब्द कधीच न ऐकता.

सिनेमा बघू नका असं मी म्हणणार नाही. बंदीनं कुणी शहाणं झालेलं मला माहीत नाही. घरात लागला तर पोरांबरोबर बसून बघा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून दोनच गोष्टी विचारा. गीताला काय वाटलं असेल? आणि मुन्नीला कुणी विचारलं होतं का? आधी मुलाला विचारा, मुलीला नंतर. मुलीला उत्तर बहुधा माहीत असतं.