पेशंट बाबा, उत्तरं पोराची! दवाखान्यात ज्येष्ठांना विचारतंय कोण?

जुना जालना : मंठा, परतूर, घनसावंगीकडून आलेले सत्तरीतले बाबा खाटेवर पडलेले. राऊंडला आलेले डॉक्टर बोलतात ते मुलाशी. "जेवण जातंय का?" उत्तर सून देते. "इथं सही करा." सही पोरगा करतो. ऑपरेशन ज्यांचं, ते बाबा मात्र पंख्याकडं बघत गप्प.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो. "या वयात टेन्शन कशाला द्यायचं?" अशी घरच्यांची माया असते. पण कायदा वेगळं सांगतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की, रुग्ण सज्ञान असेल, निर्णय घेऊ शकत असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर संमती त्याचीच लागते. त्या प्रकरणात रुग्ण भुलेत असताना आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया झाली होती. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. त्यानं बिलाची चिंता हलकी होते. पण बोलण्याचा हक्क कार्डावर मिळत नाही, तो घरच्यांनी आणि डॉक्टरांनी द्यावा लागतो.

शिवाय हा नुसता मानाचा प्रश्न नाही. बीपीची गोळी बाबांनी कधी बंद केली, चक्कर कधीपासून येते, गावठी औषध कोणतं चालू होतं, हे कामासाठी पुण्यात राहणाऱ्या मुलाला कुठून माहीत असणार? चुकीच्या माहितीवर औषध ठरलं, तर त्रास बाबांनाच.

मग करायचं काय? घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून सोबत न्या. चष्मा, कानाचं मशीन, कवळी विसरू नका. ऐकूच आलं नाही तर माणूस बोलणार कसा? बाबांनी तीन गोष्टी स्वतः विचाराव्यात : मला झालंय काय? दुसरा काही उपाय आहे का? घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची? डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावं, म्हणजे घोळ तिथंच कळतो. पडून राहिल्यानं म्हातारपणी ताकद लवकर जाते, म्हणून उठून चालायला परवानगी आहे का, हेही विचारावं.

सोबतच्यांनी बाबा विसरले तर आठवण करून द्यावी, पण त्यांच्या तोंडचं उत्तर हिसकावू नये. आणि डॉक्टरसाहेब, पहिला प्रश्न खाटेवरच्या माणसाला विचारा. फार तर दोन मिनिटं जास्त लागतील.