उंदरासाठी परवानगी लागते, पोट्ट्यांसाठी नाही

मागच्या वर्षी विसर्जन मिरवणुकीची बातमी करून रात्री घरी आलो आणि कानात बारीक शिट्टी सुरू झाली. पंखा बंद केला, तरी शिट्टी सुरूच. माझी दोन दिवसांत थांबली. आमच्या वस्तीतल्या ताशा वाजवणाऱ्या पोराची दोन वर्षांपासून थांबलेली नाही. तपासणीत कान 'नॉर्मल' निघाला. घरचे म्हणतात, नाटकं करतो, मोबाईल कमी पाहा म्हणा!

याला कर्णनाद म्हणतात. बाहेर आवाज नसतो, आत असतो. दुसऱ्याला दाखवणार कसा?

राजेहो, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. उंदराला विचारणार कसं, तुझा कान वाजतो का? १९८८ साली पॉवेल यास्त्रेबॉफ यांनी युक्ती काढली. मागचा आवाज बंद झाला की सौम्य शॉक बसतो, हे उंदरांना शिकवलं. शांतता झाली की ते घाबरून पाणी पिणं थांबवायचे. मग त्यांना अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं औषध जास्त मात्रेत दिलं, ज्याने माणसाचेही कान वाजतात. आता शांतता झाली तरी ते पीतच राहिले. त्यांच्यासाठी शांतता उरलीच नव्हती. वाचून वाईट वाटतं, पण त्या मुक्या जिवांमुळेच हा त्रास मोजता आला.

२००९ मध्ये बोस्टनच्या कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबल आवाज फक्त दोन तास ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली. पण आत पाहिलं तर कानाच्या एका भागात नसेशी असलेल्या जवळपास निम्म्या जोडण्या कायमच्या तुटलेल्या! कर्णनादाचं एक मूळ इथे असावं, असं अनेक संशोधक मानतात. उंदराचा कान जास्त नाजूक, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लागत नाही. पण 'नॉर्मल' रिपोर्ट म्हणजे कान शाबूत असं नाही, एवढं त्यातून कळतं.

आता गंमत पाहा. आपल्याकडे असा प्रयोग करायचा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नैतिक समितीची मंजुरी लागते. किती उंदीर, कशासाठी, सगळं लिहून द्यावं लागतं. डीजेच्या भिंतीसमोर पाच वर्षांचं लेकरू खांद्यावर घेऊन नाचायला मात्र कोणाला विचारावं लागत नाही.

२००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. राज्यातल्या शहरांचे ध्वनी नकाशे करणारी 'नीरी' आपल्याच नागपुरात आहे. म्हणजे मोजणारे गावातच. मग मिरवणुकीतला आकडा त्याच रात्री जाहीर का होत नाही? पोलिसांनी मंडळानुसार तो लावावा, एवढीच मागणी आहे.

सण बंद करा असं मी म्हणत नाही. ढोल मलाही आवडतो. यंदा मंडळाच्या मिटिंगमध्ये हा विषय काढणार आहे. पोट्टे हसतील, हसू द्या. ताशावाल्या पोरांसाठी इअरप्लगची पाकिटं आणून ठेवली आहेत, ज्याला हवी त्याने घरून घेऊन जा.