वेळापत्रक कोणी करावे?

शहर बससेवेच्या कोणत्याही प्रस्तावात गाड्या किती, आगारे किती, भांडवली खर्च किती आणि त्यात केंद्राचा वाटा किती, हे रकाने न चुकता असतात. त्या गाड्या किती वाजता सुटतील, हा रकाना मात्र मी क्वचितच पाहिला आहे. ते काम आगारातील एखादा अनुभवी वाहतूक निरीक्षक मागील वर्षाच्या तक्त्यावरून करील, असे सर्वांनी मिळून गृहीत धरलेले असते. त्या निरीक्षकाविषयी मला आदरच आहे. पण ज्या एका कागदावर कोट्यवधी रुपयांच्या खर्चाचे फलित ठरते, तो कागद धोरण ठरविणाऱ्यांनी कधी पाहूच नये, हे मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पटत नाही.

एक साधे गणित मांडतो. एका मार्गावर दर १० मिनिटांस गाडी येते. थांब्यावर केव्हाही येणाऱ्या प्रवाशास सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल. आता गाड्या तेवढ्याच, पण एक २ मिनिटांनी व पुढची १८ मिनिटांनी, अशा जोडीने येऊ लागल्या असे समजा. सरासरी प्रतीक्षा ८.२ मिनिटांवर जाते. शिवाय दहांतील नऊ प्रवासी त्या १८ मिनिटांच्या पोकळीत थांब्यावर आलेले असतात. म्हणजे पहिली गाडी खचाखच भरते आणि मागची जवळजवळ रिकामी धावते. चालक, वाहक, इंधन, किलोमीटर, सारे पूर्वीइतकेच. महामंडळाच्या मासिक अहवालात या दोन परिस्थितींत तिळमात्र फरक दिसणार नाही, कारण तेथे मोजले जातात ते किलोमीटर. थांब्यावरील मिनिटे कोणीच मोजत नाही.

दुसरे गणित गाड्यांच्या संख्येचे. जाऊन-येऊन फेरीस ९० मिनिटे लागत असतील, तर दर १० मिनिटांच्या सेवेसाठी ९ गाड्या हव्यात. कोंडीमुळे तीच फेरी १२० मिनिटांची झाली की १२ गाड्या लागतात. आणि बसला स्वतंत्र मार्गिका किंवा सिग्नलवर अग्रक्रम देऊन ती ८० मिनिटांवर आणली, तर ८ पुरतात. म्हणजे वाहतूक पोलिसांचा सिग्नलविषयक निर्णय हा वस्तुतः बसखरेदीचा निर्णय असतो. पण पोलीस एका खात्याचे, रस्ता दुसऱ्याचा, बस तिसऱ्याची. आणि चौथ्या खात्यात बसून आम्ही अनुदानाचा हप्ता मोजतो. असो.

हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिले की बससेवेत प्रवासी वाढले की फेऱ्या वाढविता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाची प्रतीक्षा घटते, आणि म्हणून अनुदानास तात्त्विक आधार मिळतो. आपल्याकडे अनुदानाचे समर्थन करताना या युक्तिवादाचा पूर्वार्ध आपण उचलतो. प्रतीक्षा प्रत्यक्षात घटली काय, हे मात्र विचारीत नाही.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजनेस मान्यता दिली: १०,००० विद्युत बसगाड्या, केंद्राचे साहाय्य २०,००० कोटी रुपयांचे, आणि जेथे संघटित बससेवाच नाही अशा शहरांना प्राधान्य. अशा करारांत गाडी खासगी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. सार्वजनिक यंत्रणा त्याला प्रतिकिलोमीटर मोबदला देते आणि दिवसाकाठी ठरावीक किलोमीटरची हमीही देते. मग यंत्रणेच्या हाती उरते काय? तिकिटाचे दर, जे राजकीय कारणांनी सहसा बदलत नाहीत, आणि वेळापत्रक. बाकी सारे आपण निविदेने बाहेर दिले आहे.

येथेच एक खोच आहे. समजा, हमी दिवसाला २०० किलोमीटरची आहे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीपुरती गाडी धावली तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर भरतात. न धावलेल्या अंतराचेही काही अंशी पैसे द्यावेच लागतात, आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो. तेव्हा वेळापत्रक करणारा बिचारा दुपारी दोन वाजता रिकाम्या गाड्या फिरवून अंतर भरून काढतो. वास्तविक विद्युत गाडीस चार्जिंगसाठी याहून सोयीची वेळ नाही. ती दुपारी फिरत राहिली तर सायंकाळच्या गर्दीत बॅटरी उतरलेली असते. करार एका खोलीत लिहिला जातो व वेळापत्रक दुसऱ्या, त्याचा हा परिणाम. क्रम उलटा हवा: आधी वेळापत्रक, त्यावरून गाड्यांची संख्या व चार्जरच्या जागा, आणि त्यावरून हमीचा आकडा.

हा क्रम स्वप्नरंजन नव्हे. स्वित्झर्लंडने १९८७ च्या सार्वमतानंतर रेल्वेचा विस्तार याच रीतीने केला. प्रमुख स्थानकांत सर्व दिशांच्या गाड्या एकाच सुमारास याव्यात, म्हणून दोन स्थानकांमधील प्रवास तासाच्या थोडा आत बसला पाहिजे, असे आधी ठरले. कोठे नवा लोहमार्ग टाकायचा हे त्यावरून निघाले. झुरिच-बर्न प्रवास २००४ च्या नव्या मार्गाने तासाच्या आत आला, तो एवढ्यासाठीच. आपल्या रेल्वेनेही २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या साहाय्याने शून्याधारित वेळापत्रकाचा प्रयोग हाती घेतला होता. रुळांच्या देखभालीस सलग काही तास मोकळे मिळावेत हा त्याचा एक हेतू होता. वेळापत्रक नीट नसेल तर गँगमनला रूळ तपासायलाही उसंत मिळत नाही, हे ज्यांनी त्या खात्यात काम केले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

कायद्याला वेळापत्रक अपरिचित आहे असेही नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये टप्पा वाहतुकीच्या परवान्यास वेळापत्रकाच्या अटी घालण्याची तरतूद आहे. केरळात खासगी गाड्यांच्या सुटण्याच्या वेळा ठरविण्यासाठी प्राधिकरणासमोर रीतसर बैठका होतात आणि एकेका मिनिटावरून तंटे चालतात. बाहेरच्यास ते हास्यास्पद वाटते. पण मिनिटाला किंमत असते हे निदान तेथे सर्वांना मान्य आहे. चालकांच्या बाजूने २०२५ पर्यंत मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ होता: दिवसाला ८ तास काम आणि सारा पसारा सामान्यतः १२ तासांत. गर्दीच्या दोन वेळांमध्ये सहा तासांची दरी असताना हे बसविणे हे खरे कौशल्य, आणि त्या कौशल्याची पदे कित्येक उपक्रमांत रिक्त आहेत.

ग्रामीण भागात तर वेळापत्रकच सामाजिक धोरण असते. महाराष्ट्रात एसटीची मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते व पहाटे निघते, त्यामुळे मुलगी पहिल्या तासाला महाविद्यालयात पोचते. गाडी तासभर उशिरा सुटली तर ताळेबंदात काही बिघडत नाही; रुग्णालयाची बाह्यरुग्ण खिडकी बंद झालेली असते आणि मजुराचा रोज बुडालेला असतो. गरिबाच्या वेळेची किंमत त्याच्या मजुरीवरून काढण्याची आमच्या शास्त्राची रीत आहे. मला ती नेहमीच अपुरी वाटत आली आहे.

तिकीट यंत्रे व जीपीएस यांमुळे आज प्रत्येक फेरीचा खरा वेळ उपलब्ध आहे. दिल्लीने तर २०१८ पासून बसची माहिती सार्वजनिकही केली. तेव्हा माझी सूचना मर्यादित आहे. केंद्रीय साहाय्याच्या प्रत्येक प्रस्तावास सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष नोंदींवर आधारलेले वेळापत्रक जोडलेले असावे. जेथे आज सेवाच नाही, तेथे चाचणी फेऱ्या घेऊन ते करावे. हप्ता देताना किलोमीटरबरोबर प्रमुख थांब्यांवरील प्रतीक्षेचा आकडाही मागवावा. त्यासाठी प्रत्येक शहरात तीन-चार प्रशिक्षित माणसांचा कक्ष लागेल, आणि त्याचा वार्षिक खर्च एका विद्युत बसच्या किमतीपेक्षा अधिक होऊ नये.