जामीनदार कोण होणार?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात आमच्या देगलूरच्या घरी एक हवालदार आला होता. हातात कागद. आप्पा, म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, हर्सूल कारागृहातून रजेवर यायचं म्हणतायत, तुम्ही जामीनदार राहाल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. शेजारच्या घरांत त्याने दुसरा प्रश्न विचारला: "हा माणूस आला तर तुमची काही हरकत आहे का?"

बांधावरच्या भांडणात एक माणूस मेला होता आणि त्यात आप्पांना जन्मठेप झाली. मी तेव्हा शाळेत होतो.

बाबा चष्मा शोधायला उठले तेवढ्यात मी मध्ये पडलो. "बाबा, नका अडकू. ते परत गेलेच नाहीत तर?" बाबा खाली बसले. शेजारचे एक जण म्हणाले, "सही केलो असतो की, पर पुढल्या साली पोरीचं लगीन हाय." हवालदाराने काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेला. रजा नामंजूर झाली. काकूंनी नंतर आम्हाला एका शब्दानेही काही विचारलं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. काही बिघडलं की आधी लॉग वाचायचे, अंदाज नंतर करायचा, ही कामातून लागलेली सवय. त्यामुळे पुण्याला परतल्यावर आधी रजेचे नियम काढून वाचले. जो माणूस "पॅरोल म्हणजे कैद्यांचे लाड" असं व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो, त्याने ते वाचलेले नाहीत असं मी पैजेवर सांगतो. मीही वाचले नव्हते.

नियम 1959 चे आहेत, मुंबई राज्याच्या काळातले. पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा तोच. त्यात दोन रजा आहेत. संचित रजा, म्हणजे फर्लो, ठरावीक काळ शिक्षा भोगून वर्तन चांगलं असेल तर मिळते. तिला खास कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, कारणासाठी असते: घरातलं आजारपण, मृत्यू, लग्न. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, पुढे भरून द्यावे लागतात. फर्लो हा काही बिनशर्त हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा सांगितलं. ते मान्य. पण ही रजा कशासाठी आहे हे नियमांनीच सांगितलंय: कैद्याचं घराशी नातं टिकावं, सलग तुरुंगवासाने तो आतून मोडू नये, त्याचा आत्मविश्वास आणि जगण्यातला रस शाबूत राहावा. कारण जन्मठेपवाले बहुतेक लोक कधी ना कधी बाहेर येतात. आपल्याच गल्लीत येतात. पंधरा वर्षं कोंडून एक दिवस फाटकाबाहेर सोडलेला माणूस हवा, की मधूनमधून घरी येऊन जाणारा? शेजारी म्हणून निवड तुमची.

आता याच नियमांतलं दुसरं कलम बघा. कैद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला आणि जामीनपत्रावर सही करणारा नातेवाईक नसेल तर फर्लो नाही. म्हणजे गुन्हेगाराचं पुनर्वसन हे शासनाचं काम, कारागृह खात्याचं ब्रीदच "सुधारणा व पुनर्वसन" आहे, आणि त्याची पहिली पायरी मात्र माझ्यासारख्या घाबरट पुतण्याच्या सहीवर टेकलेली.

शासन ब्रीद लिहितं आणि काम काकूंवर टाकतं, हे माझं भांडण आहे. काकू मजुरीला जातात. देगलूरला रेल्वे नाही. एसटीने नांदेड, तिथून पुढची गाडी, हर्सूल तीनशे किलोमीटरच्या पुढे. भेटीला जायचं तर दोन रोज बुडतात आणि भाड्याचे पैसे वेगळे. त्याच काकूंनी जामीनदार शोधायचा, शेजाऱ्यांची मनं वळवायची. आप्पा आले की त्यांना ठाण्यात हजेरीची आठवण करायची आणि शेवटच्या दिवशी वेळेत गाडीत बसवायचं, कारण उशीर झाला तर माफीचे दिवस कापले जातात. एवढं काम करणाऱ्या माणसाला आमच्या क्षेत्रात केस मॅनेजर म्हणतात आणि पगार देतात.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. मुंबईतल्या एका तरुण वकील मुलीच्या खुनात जन्मठेप झालेला कैदी 2016 मध्ये आईच्या आजारपणाचं कारण देऊन नाशिकरोड कारागृहातून पॅरोलवर सुटला आणि पळाला. तो सापडला 2017 मध्ये, काश्मीरमध्ये. त्या मुलीच्या आईवडिलांनी ते दीड वर्ष कसं काढलं असेल? याला "अपवाद" म्हणून मोकळं होणारा माणूस मला निर्दयी वाटतो. नियम कडक झाले, ते समजण्यासारखं आहे. पण त्या प्रकरणाने काय सिद्ध झालं? कागदावर जामीनदार असला म्हणजे कैद्यावर कुणाचं लक्ष असतं असं नाही, एवढंच. आपण धडा उलटा घेतला: सही आणखी घट्ट करा.

आणि ज्यांचा माणूस गेला ते? आप्पांच्या प्रकरणातलं ते घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. त्यांनाही दारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, एका मिनिटात हो किंवा नाही सांगायचं असतं. आप्पा कधी येणार, किती दिवस राहणार, काही घडलं तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना धड कुणी सांगत नाही. मग ते हरकत घेणार नाहीत तर काय करतील? मीही घेतली असती.

कोविडमधला एक किस्सा माझ्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करायला राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितल्या. महाराष्ट्राने मे महिन्यात आकस्मिक पॅरोलचा नियम केला. त्यात सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांसाठी अट अशी: मागच्या दोन सुट्यांवरून वेळेत परत आलेला असावा. मग जो कधी सुटलाच नाही, त्याचं काय? नव्या गिऱ्हाइकाला रेटिंग नाही म्हणून रिक्षा नाही आणि रिक्षा नाही म्हणून रेटिंग नाही, असा तो प्रकार. ज्यांना पूर्वी रजा मिळालीच नाही त्यांना ही अट लावता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आप्पांसारख्यांना आधी जामीनदाराअभावी रजा नाही, मग रजेचा इतिहास नाही म्हणून रजा नाही.

आता माझ्या जातभाईंकडे वळतो, म्हणजे इंजिनियरांकडे. केंद्राने 2023 मध्ये तयार केलेल्या आदर्श कारागृह कायद्यात एक तरतूद आहे: रजेवर जाणाऱ्या कैद्याने अंगावर इलेक्ट्रॉनिक माग काढणारं यंत्र बाळगायचं, या अटीवर रजा देता येईल. ऑफिसातल्या मित्राला हे सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. जीपीएस, नकाशा, हद्द ओलांडली की अलर्ट. दोन महिन्यांत करून देऊ म्हणाला. देऊही. पण पायातला पट्टा आप्पा कुठे आहेत ते सांगेल. त्यांना काम मिळालं का, झोप लागते का, समोरच्या घरातल्या पोराने दगड मारला तेव्हा ते काय करणार आहेत, यातलं काय सांगेल? जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल मॅपवर आपलं ठिकाण तपासयंत्रणेला सतत दाखवत राहावं, ही अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये रद्द केली, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांचं खंडपीठ होतं. शिक्षा झालेल्याचा प्रश्न वेगळा, हे मला कळतं. तरी हजेरीचा हा मोह आपल्याकडे जुना आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना हजेरी लावायला भाग पाडलं आणि तो कायदा 1952 मध्ये गेल्यावरही संशय गेला नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा. पाठीवर चोवीस तास नजर ठेवल्याने कुणी सुधारतं का, याचं उत्तर त्यात आहे.

मी स्वतःही धुतलेला तांदूळ नाही. पहिल्या नोकरीत मी उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणारं सॉफ्टवेअर लिहायचो. न्यायालयांच्या नोंदींत नाव शोधायचं, जुळलं की लाल खूण. निर्दोष सुटलेला, शिक्षा भोगून झालेला, नुसता नावाचा सारखा, सगळ्यांना एकच लाल. तो रंग मी निवडला होता.

जामिनाची जबाबदारी शासनाने स्वतःकडे घेतल्याचं उदाहरण मराठी मुलखातच आहे. 1939 मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढली. राजा भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन ही त्यामागची माणसं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी भिंतीशिवाय राहत, शेती करत. गदिमांनी त्यावरून कथा लिहिली, शांतारामबापूंनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, बर्लिनमध्ये त्याला बक्षीस मिळालं. खुली कारागृहं आजही आहेत, आमच्या मराठवाड्यात पैठणलाच आहे. पण शिक्षेची बरीच वर्षं काढून निवडला गेलेला कैदीच तिथे पोचतो. देगलूरच्या गल्लीत येणाऱ्या माणसाला स्वतंत्रपूरचा काय उपयोग?

माझी मागणी साधी आहे. तालुक्याला एक माणूस नेमा. पोलीस नको, समाजकार्य शिकलेला. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या लोकांसोबत हेच काम करतो, म्हणजे नवं काही शोधायचं नाहीये. त्याने अर्जाआधी दोन्ही घरी जावं, रजेच्या तारखा दोन्ही घरांना सांगाव्यात, रजेच्या काळात दोनदा चक्कर मारावी, सुटल्यावर वर्षभर काम, रेशनकार्ड, बँकेचं खातं यांमागे लागावं. नातेवाईक जामीनदार नसेल तर त्याच्या अहवालावर रजा मिळावी. खर्च? जो पैसा पट्ट्यांना द्यायची तयारी चाललीय, त्यातून.

काकूंनी यंदा पुन्हा अर्ज दिलाय. मध्ये उदगीरहून त्यांचे भाऊ जामीन राहिले तेव्हा आप्पा एकदा येऊन गेले, वेळेत परतले. ते भाऊ आता थकलेत. माझ्या आधार कार्डावर अजून देगलूरचाच पत्ता आहे, म्हणून या वेळी जामीनदार म्हणून माझं नाव टाकायला सांगितलंय. फोनवर काकू म्हणाल्या, "तुझ्या नोकरीला काही होणार नाही ना रे?" मी नाही म्हणालो. खरं तर मला माहीत नाही. हवालदार अजून आलेला नाही.