अठरा कोटींचा उपचार आणि संपलेली गोळी

ओपीडीची वेळ संपत आली होती. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका शेतमजुराने केसपेपर पुढे करण्याआधी मोबाइल पुढे केला. त्यावर एक व्हिडिओ होता. ‘‘सायेब, सिकल आता पूर्णच बरा होते म्हणतेत. माह्या पोराले भेटन का ते औषध?’’

पूर्व विदर्भातल्या सरकारी दवाखान्यात हा प्रश्न आता वरचेवर येतो. मोबाइलवरून आलेली आरोग्याची माहिती खोडून काढण्यात आमचा बराच वेळ जातो. पण ही बातमी मात्र खरी आहे. मी त्याला तसे सांगितले आणि मुलाच्या रोजच्या गोळ्यांबद्दल विचारले. ‘‘दोन महिने झाले, संपल्या. केंद्रावर गेलतो, तं पुढच्या आठवड्यात या म्हणे.’’ तो दोनदा जाऊन आला, दोन दिवसांची मजुरी बुडाली, मग त्याने जाणे सोडले.

व्हिडिओतला उपचार आणि ती संपलेली गोळी यांचे नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. ते समजून घेतले, तर आपण सरकारकडे आणि आम्हा डॉक्टरांकडे नेमके काय मागायला हवे, हेही कळेल.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. केसापेक्षा बारीक रक्तवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. त्यांच्यातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. माणसाच्या जनुकीय मजकुरात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, त्यांतले एक! तेवढ्याने हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ दोर बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडांत असह्य कळा. प्लीहा निकामी होते, जंतुसंसर्ग जिवावर बेततो, काही मुलांना तर लहान वयात पक्षाघात होतो.

या पेशींचे वर्णन शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रेणूपर्यंत माग काढता आलेला हा पहिला आजार. कारण इतके लवकर कळूनही उपचार मात्र कित्येक दशके रेंगाळला. आजार ज्यांच्या घरात होता, त्यांच्याकडे ना पैसा होता ना आवाज, हे त्याचे एक मोठे कारण आहे, असे मला वाटते.

उपचाराचा धागा सापडला तो तान्ह्या बाळांत. सिकलसेल असलेले मूल जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत असते. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये याचा संबंध गर्भातल्या हिमोग्लोबिनशी जोडला. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि त्यात ही चूक नसते. जन्मानंतर शरीर ते बनवणे जवळजवळ बंद करते आणि मोठेपणीचे, चुकीचे हिमोग्लोबिन सुरू होते. हे बंद करणारे मुख्य बटण म्हणजे ‘बीसीएल११ए’ नावाचे जनुक. त्याची ही भूमिका २००८ मध्ये उघड झाली.

व्हिडिओतला ‘क्रिस्पर’ उपचार नेमका इथे काम करतो. जनुकाला हव्या त्या ठिकाणी छेद देणाऱ्या या रेणवीय कात्रीसाठी एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले. अनेकांना वाटते, की ही कात्री चुकलेले अक्षर दुरुस्त करते. ‘कॅसजेव्ही’ या उपचारात तसे होत नाही. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांतले ते बटण निकामी करतात. मग गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात, १२ वर्षांवरील रुग्णांसाठी याला परवानगी दिली. चाचणीत मूल्यमापन झालेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही. ज्याने हे झटके पाहिले आहेत, त्याच्यासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय पेशी परत सोडण्याआधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते, रुग्णाला काही आठवडे रुग्णालयात राहावे लागते, वंध्यत्वाचा धोका असतो. आपल्याकडेही काम चालू आहे. दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ संस्थेने विकसित केलेली ‘बिरसा १०१’ ही स्वदेशी क्रिस्पर उपचारपद्धती नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ती चाचण्यांच्या कसोटीला उतरायला हवी आणि आमच्या भागात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची केंद्रेही उभी राहायला हवीत. स्वस्त झाली, तरी ती तालुक्याच्या दवाखान्यात टोचायची सुई नव्हे.

आता त्या संपलेल्या गोळीकडे येऊ. तिचे नाव हायड्रॉक्सियुरिया. मूळची रक्ताच्या कर्करोगाची ही गोळी सिकलसेलमध्ये काय करते? गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. म्हणजे १८ कोटींची कात्री आणि काही रुपयांची गोळी, दोघींचे लक्ष्य एकच. कात्रीचा परिणाम खूप मोठा आणि टिकाऊ आहे, गोळी आजार मुळासकट काढत नाही, ती रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्ततपासणी लागते, हे खरे. पण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या गोळीने प्रौढांमधले वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले होते. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत, आपल्यासारख्याच तुटपुंज्या साधनांत, मुलांवर झालेल्या अभ्यासात वेदना, रक्त चढवण्याची गरज आणि मृत्यू, तिन्ही कमी झाले. तान्ह्या मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकसचे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात, हे तर १९८६ पासून ठाऊक आहे.

म्हणजे निम्मे दुःख कमी करणारे विज्ञान तीस वर्षांपासून आपल्या हातात आहे. ते मुलाच्या हातात दर महिन्याला पडत नाही, हा दोष प्रयोगशाळेचा नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे आकडे वाढत आहेत, ते वाढायलाच हवेत. पण माझे म्हणणे असे, की यश मोजायचे तर ‘किती जणांना कार्ड दिले’ याबरोबरच ‘किती रुग्णांना वर्षातले बाराही महिने गोळी मिळाली’ हे मोजा. गोळी घराजवळच्या केंद्रात मिळावी, एका वेळी दोन-तीन महिन्यांची मिळावी. जोखमीच्या जिल्ह्यांत प्रत्येक नवजात बाळाची तपासणी व्हावी. क्रिस्परसाठी पैसा लागणारच आहे, तो जरूर द्या. पण या साठ्याला हात न लावता.

चूक केवळ यंत्रणेची आहे, असेही नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण वारंवार कळांची तक्रार घेऊन रात्रपाळीत यायचा आणि इंजेक्शन मागायचा. अंगावर जखम नाही, सूज नाही. मी त्याच्या कागदावर ‘सवय लागली असावी’ असा शेरा लिहिला. पुढे तो शेरा वाचून दुसऱ्यांनीही त्याला परत पाठवले. सिकलच्या वेदनेची खूण बाहेर दिसतेच असे नाही, हे पुस्तकात वाचलेले मला त्या रात्री आठवले नाही. रुग्ण ‘दुखते’ म्हणतो, तेव्हा आधी विश्वास ठेवा, हे आता मी शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

त्या बापाशी बोलताना आणखी एक गोष्ट निघाली. मोठ्या मुलीचे लग्न जुळत आले होते, पण तिची तपासणी त्याने टाळली होती. ‘‘वाहक निघाली तं कोण करन तिले?’’ भीती खोटी नाही. अशी मोडलेली लग्ने मी पाहिली आहेत. आई-बाप दोघेही वाहक असल्याने, आजार नसलेल्या या मुलीची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहकाला तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणूनच हे जनुक हिवतापाच्या प्रदेशांत हजारो वर्षे टिकले. तो ना कलंक आहे, ना एकट्या मुलीचा दोष. प्रश्न येतो दोघेही वाहक असले तरच. मग प्रत्येक गर्भारपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तपासणी मुलाचीही हवी, आणि साखरपुड्याआधी हवी.

मुलाचे रक्त तपासून मी दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या दिवशी त्या आमच्याकडे शिल्लक होत्या. ‘‘पुढच्या खेपेले पोरीलेही आणतो,’’ असे म्हणून तो एसटी गाठायला निघाला. नवऱ्या मुलालाही घेऊन ये, असे मी दारापर्यंत जाऊन सांगितले.