बाजार, बाजारवाला आणि एक चक्री

संक्रांत जवळ आली की आमच्या नागपुरात गच्च्या जाग्या होतात. सकाळपासून "ओ काट"चा गजर, पोरांना ना जेवणाची शुद्ध ना अभ्यासाची. मीही त्यातलाच होतो, त्यामुळे भाच्याला पतंगावरून बोलायचा मला फारसा अधिकार नाही. पण गेल्या संक्रांतीच्या आधी एक गोष्ट घडली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. (ताई, तू हे वाचणार हे माहीत आहे. त्याला मी तेव्हाच भरपूर बोललोय, आता परत नको.)

झालं असं, की भाचा क्लासला गेलेला असताना त्याच्या नावाचं पार्सल आलं. मीच घेतलं. हाताला जड लागलं म्हणून उघडलं, तर आत चक्री. चकचकीत धागा, हाताने तुटता तुटेना. नायलॉन!

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी या मांजावर देशभर बंदी घातली. गळे चिरायचं थांबलं नाही म्हणून जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. संक्रांतीला इथले उड्डाणपूल दुचाकींना बंद करावे लागतात. आणि तोच धागा आमच्या दारात, घरपोच, वर दहा टक्के सूट!

भाच्याने मोबाईलवर ते पान दाखवलं. मांजा हा शब्द कुठेही नाही. 'मजबूत धागा, अनेक कामांसाठी उपयुक्त.' फोटोत मात्र पतंग, आणि खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय, "पेच काटायला एक नंबर". मी तक्रार केली. उत्तर आलं की आम्ही फक्त मंच आहोत, मालाची जबाबदारी विक्रेत्याची. दोन दिवसांनी ते पान गेलं. चौथ्या दिवशी तोच फोटो दुसऱ्या नावाने हजर.

चक्री मी पोलीस ठाण्यात नेऊन दिली. हवालदार म्हणाले, "दुकान सांगा, आत्ता जातो." मी ॲपचं नाव सांगितलं. ते हसले. "याला कुठून धरून आणू साहेब?"

तेव्हापासून हाच प्रश्न मनात घोळतोय. इतवारीतला दुकानदार नायलॉन मांजा विकताना सापडला तर त्याच्यावर गुन्हा, माल जप्त. आणि ज्याच्या मांडवाखाली हजारो दुकानं आहेत, तो नुसता मांडववाला?

आता घाईने "टाका त्यांना आत" म्हणण्याआधी २००४ साल आठवून बघा. बाझी डॉट कॉम नावाची मुंबईची कंपनी होती, नुकतीच ईबेने विकत घेतलेली. आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने २७ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री तिथे शाळकरी मुलामुलीची एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. किंमत १२५ रुपये. एका वापरणाऱ्याने लगेच कंपनीला कळवलंही, पण ती काढली गेली सोमवारी सकाळी. तोवर आठ जणांनी घेतली होती. डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना दिल्लीत अटक झाली. चित्रफीत त्यांनी बनवली नव्हती, ठेवली नव्हती. अटकेने सगळा धंदा हादरला, आणि ते साहजिकच होतं. लाखो लोकांपैकी कोण काय विकायला ठेवेल याची हमी मालकाने कशी द्यायची?

खटला चालला आठ वर्षं. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना दंड संहितेच्या कलमांतून मोकळं केलं, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ठेवलं. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, कारण कंपनीलाच आरोपी केलेलं नव्हतं आणि कंपनीशिवाय एकट्या संचालकावर खटला चालत नाही. म्हणजे सुटका झाली ती तांत्रिक मुद्द्यावर. बाजारवाल्याने किती जाणायला हवं, हा प्रश्न तिथेच राहिला.

मधल्या काळात कायदा बदलला. २००८ च्या दुरुस्तीने ऑनलाइन बाजार 'मध्यस्थ' ठरले आणि कलम ७९ ची ढाल त्यांना मिळाली. तुम्ही फक्त जागा देता, पुरेशी काळजी घेता आणि बेकायदा गोष्ट कळल्यावर काढता, तर तुम्ही दोषी नाही. मात्र 'कळणं' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात लावला. लोकांच्या बोलण्यावर कुणाच्याही तक्रारीने कात्री लागू नये, म्हणून हे योग्यच. पण बोलणं आणि मांजा एकाच तागडीत कसे तोलणार?

सक्करदऱ्याचा बुधवार बाजार घ्या. एखाद्याने तिथे चोरीची सायकल विकली म्हणून कुणी महापालिका आयुक्तांना धरत नाही, बरोबरच आहे. पण समजा महापालिकेनेच माल आपल्या गोदामात ठेवला, पुडीवर आपलं नाव छापलं, पैसे मोजून घेतले, प्रत्येक विक्रीत हिस्सा कापला आणि वर "हा ओटा बघा, इथे स्वस्त आहे" म्हणून ओरडायला माणूस ठेवला, तर? मग ती नुसती जागा देणारी राहिली का?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये नेमका हाच मुद्दा धरला. ॲमेझॉनवरून प्रमाणित दर्जाचे नसलेले २,२६५ प्रेशर कुकर विकले गेले होते आणि कंपनीला त्यातून ६,१४,८२५ रुपये शुल्क मिळालं होतं. प्रत्येक विक्रीतून कमाई करता, मग अंग कसं झटकता, असं म्हणून प्राधिकरणाने एक लाखाचा दंड लावला. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तो तिचा हक्कच आहे. उलट बाजूही आहे. २०१५ मध्ये चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांवरून आपल्या अन्न व औषध प्रशासनाने स्नॅपडीलवर कारवाई केली होती. तशाच प्रकारचा कर्नाटकातला खटला तिथल्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला. मध्यस्थाला विक्रेत्याच्या गुन्ह्यासाठी धरता येत नाही म्हणून.

मला विचाराल तर, ढाल राहू द्या, पण हात जितका आत तितकी ती लहान व्हावी. नुसती जाहिरात लावणाऱ्याला पूर्ण संरक्षण. माल साठवणाऱ्या, पोचवणाऱ्या, हिस्सा घेणाऱ्याला कमी. आणि एकदा काढलेला बंदीचा माल त्याच फोटोने परत आला, तर "माहीत नव्हतं" ही सबब नकोच. मी काय बघितलं यावरून आणखी काय विकत घ्यावं हे ज्यांना रात्रीतून कळतं, त्यांना तोच फोटो ओळखू येत नाही? शिक्षा मात्र कंपनीच्या खिशाला व्हावी. अटकेने मथळे होतात, माल थांबत नाही.

आणि आपण? पार्सल आमच्याच पत्त्यावर आलं होतं. भाचा म्हणाला, "मामा, तिथे मिळतं म्हणजे चालत असेल ना!" त्याला काय उत्तर द्यावं ते मला त्या क्षणी सुचलं नाही.

यंदा गच्चीवर साधा सुती मांजा आहे. भाच्याचे पतंग भराभर कटतात, तो चिडतो, मी चक्री धरतो. आणि ताई स्कुटीवरून ऑफिसला निघाली की मी तिच्या गळ्याला मफलर आहे ना हे दोनदा बघतो.

तुम्हाला काय वाटतं? लिहा.