राज्याचा पाया आणि बाजाराचे अभय

पेढीच्या कुलपाहून राज्याचे अभय मोठे, हे आम्हां धान्य-व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. परंतु हे अभय निर्माण कसे होते, याचा बोध आफ्रिकेतील सोमालियाच्या इतिहासावरून घेण्याजोगा आहे.

इंग्रजांच्या व इटालियनांच्या अंमलाखाली राहिलेले दोन मुलूख जोडून १९६० साली हे राज्य झाले. १९६९ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. १९९१ मध्ये ती सत्ता कोसळताच राजधानी मोगादिशू सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेली. संयुक्त राष्ट्रांचे सैन्य आले व १९९५ साली परतलेही. शांतता मात्र आली नाही.

उत्तरेकडील सोमालीलँडने १९९१ मध्येच निराळी वाट धरली. १९९३ साली बोरामा येथे निरनिराळ्या जमातींचे वृद्ध पुढारी कित्येक महिने विचारविनिमयास बसले व त्यांनी कारभाराची घडी बसविली. व्यापाऱ्यांनी सरकारास कर्ज दिले. बेर्बेरा बंदराची जकात तिजोरीत येऊ लागली. त्यातून अनेक शस्त्रधारी पगारी शिपाई झाले. पैसा देणाऱ्यांचा शब्दही मग राज्यकर्त्यांस ऐकावा लागला.

तथापि पूर्वेकडील लास अनोद येथे पुष्कळांस हे राज्य आपले वाटले नाही. २०२३ मध्ये तेथे युद्ध पेटले आणि सोमालीलँडच्या सैन्यास माघार घ्यावी लागली. जेथे संमती संपली, तेथेच सुरक्षितताही संपली.

तात्पर्य, पहारा केवळ बंदुकीने उभा राहत नाही. कर चुकविणारा व्यापारी आपल्याच दुकानाचा पहारा दुबळा करतो. आणि दिलेल्या कराचा हिशेब न मागणाराही तेच करतो, असे माझे नम्र मत आहे.